करुणाच्या पोटातली सरकती गाठ

मागावर बसण्यापूर्वी करुणा एक काम रोज करीत असे, आणि ते कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून आधी दाराकडे पाठ फिरवीत असे. पदराखाली हात घालून ती बेंबीच्या खालच्या अंगाला चाचपून पाही. तिथे काहीतरी असे. कधी मधोमध, कधी जरासे उजवीकडे, कधी पार ओटीपोटात उतरलेले. कच्च्या पपईसारखे घट्ट आणि एका काठाला खाच पडलेले. तळहाताच्या कडेने ती ते हलकेच डावीकडे आणि वर सारी. तिकडे ते मुकाट्याने जाई. उजवीकडे लोटले किंवा खाली दाबले, तर मात्र अशी कळ निघे की डोळ्यांपुढे काजवे चमकावेत. म्हणून तिकडे लोटायचे नाही, एवढे तिला अनुभवाने कळले होते. मग जुन्या लुगड्याची फाडलेली पट्टी पोटावरून आवळायची, वर साडी चापून घ्यायची आणि खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचे.

पट्टीचे कारण मागातच होते. पवनीतल्या विणकरांच्या घरी जे थोडे हातमाग अजून चालतात, त्यांत विणणाऱ्याच्या पोटाशी एक लाकडी रूळ असतो. विणलेले कापड त्यावर गुंडाळले जाते. धोटा फेकताना, फणी ओढताना माणूस पुढे झुकते आणि पोट रुळावर टेकते. ती वस्तू खाली उतरलेली असली की नेमकी रुळाखाली सापडे. वर सारून बांधून टाकली, की दुपारपर्यंत तरी ती छळत नसे. दुसऱ्या कोणत्या कामात करुणाला असला उपाय सुचलाच नसता. शेतावर जाणारी बाई कधीच आडवी पडून कण्हली असती आणि कोणीतरी तिला दवाखान्यात नेले असते. मागाने तिला दुखणे लपवण्याची सोय करून दिली होती.

लपवण्याचे कारण मात्र कोंढ्याला, तिच्या माहेरी होते. तिच्या आईच्या पोटात गाठ निघाली होती. शहरात नेले, पोट उघडले आणि घरी परत पाठवले. "उघडलं आन् शिवून टाकलं," एवढेच वडील ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले. आई भाताची रोवणी लागायच्या आत वारली. तेव्हापासून करुणाच्या मनात गाठ म्हणजे मरण असे नव्हतेच. गाठ म्हणजे उघडणे आणि शिवून टाकणे. मरणापेक्षा तिला त्या शिवून टाकण्याची धास्ती होती. आत काय आहे हे पाहून डॉक्टरांनी एकमेकांकडे बघावे आणि मुकाट्याने सुईदोरा मागावा, हे दृश्य तिने कधी पाहिले नव्हते, तरी ते तिला रोज दिसे.

सासूबाई सत्यभामाबाईंच्या नजरेतून मात्र ती पट्टी सुटली नव्हती.

"कावं, मागावर बसाच्या आंधी कंबर कसतं, का कोनाशी भांडाले चालली?"

"पाठ दुखते, आत्याबाई. बांधलं का बरं वाटते."

"आमी नाही बांधली कधी. दोन दोन लेकरं पोटात घेऊन धोटा फेकला आमी."

शेजारच्या शकुनबाईंनी तर एकदा हापशीवर चारचौघींत विचारले, "पोट वर दिसून राहिलं वं करुणे! दिवस गेले का?" सगळ्या हसल्या. करुणाही हसली. घरी येऊन तिने पट्टीला आणखी एक वेढा दिला.

अशी वर्षे गेली. धाकटी मुलगी झाल्यावर ती वस्तू अधिकच मोकळी सुटली, आणि करुणा तिच्यावर जशी एखाद्या चोरावर ठेवावी तशी पाळत ठेवून जगू लागली.

त्या हिवाळ्यात शहापूरच्या एका घरच्या लग्नासाठी कोशाच्या रेशमाची साडी विणायची होती आणि लग्न तोंडावर आले होते. एके दिवशी करुणाने पट्टी नेहमीपेक्षा घट्ट आवळली व सकाळपासून मान वर केली नाही. दुपारी डाव्या बरगडीखालून निघालेली कळ पोटभर पसरली. तिने सवयीने दाराकडे पाठ केली, पट्टी सोडली, पदराखाली हात घातला आणि ती वस्तू डावीकडे, वर सारू लागली.

ती गेली नाही.

करुणाने पुन्हा लोटले. ती बेंबीखाली रुतून बसली होती, फुगली होती, बोट लावले तरी जीव कासावीस होत होता. इतकी वर्षे ज्या एका वाटेने ते संकट परतून जाई, ती वाट बंद झाली होती. तिने मागाचा खांब धरला आणि तिथेच ओकली.

नवरा भोजराज सूत रंगवण्याच्या कामावरून धावत आला. त्याने तिला बाजारातल्या डॉक्टरकडे नेले. डॉक्टरांनी टेबलाच्या पलीकडूनच विचारले, "काल काय खाल्लं?"

"भात आन् वालाच्या शेंगा," भोजराज म्हणाला.

"मग गॅस झाला. पाळी कधी आली होती?"

करुणाने सांगितले. गाठीचे सांगितले नाही. शब्द ओठांपर्यंत आला होता. पण डॉक्टरांचा हात तिच्या पोटापर्यंत आला नाही, आणि तो आला नाही याचे तिला त्या क्षणी हायसे वाटले. या देशात बाईच्या पोटदुखीला गॅस नाहीतर नखरे यांपलीकडे तिसरे नाव शोधण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. आणि ज्या बाईला ते तिसरे नाव ऐकायचीच भीती वाटते, ती त्या हयगयीला दुवा देऊन घरी परतते. एक इंजेक्शन, चार गोळ्या, आणि "तिखट बंद."

दुसऱ्या दिवशी ताप चढला. तिसऱ्या दिवशी तिला सरळ झोपवेना. तेव्हा सत्यभामाबाईंनीच पोटावरची गोधडी बाजूला केली, हात ठेवला आणि हात भाजल्यासारखा मागे घेतला.

"अगे माय! हे काय होय वं?"

करुणा रडू लागली. "आत्याबाई, यायले नका सांगू."

"नका सांगू म्हनते! भोजराज, गाडी पाह्य. आत्ताच्या आत्ता पाह्य."

भंडाऱ्याला एका सोनोग्राफीवाल्याकडे तास-दीड तास बाकावर बसून नंबर आला. अंधाऱ्या खोलीत थंड चिकट द्रव पोटावर पसरून तो माणूस पडद्याकडे पाहत राहिला. डाव्या बरगडीखाली त्याने यंत्र पुन्हा पुन्हा फिरवले.

"पाणथरीचं, म्हणजे प्लीहेचं ऑपरेशन झालंय का, बाई?"

"नाही जी."

"लहानपणी? आठवत नसेल. इथं पाणथरी दिसत नाही." मग यंत्र खाली सरकले. "आणि खाली ही गाठ आहे. मोठी आहे. अंडाशयाची असेल. कॅन्सरचं बघून घ्या."

बघून घ्या. भाजी घ्यावी तसे. वरची वस्तू जागेवर नाही आणि खाली एक आगंतुक वस्तू बसली आहे, ही दोन वाक्ये एकाच माणसाने एकाच दमात उच्चारली. पण पुढचा रुग्ण दारात उभा असल्यामुळे ती एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याची सवड त्याला झाली नाही. करुणाला त्यातला एकच शब्द ऐकू आला होता.

त्याच गाडीने भोजराज तिला पुढे नागपूरला घेऊन निघाला. शहापूर आले तेव्हा रस्त्याच्या कडेला एका घरापुढे मांडवाचे बांबू रोवले जात होते. तिची अर्धी राहिलेली साडी मागावर तशीच ताणून उभी होती, हे तिला आठवले. ती भोजराजला एवढेच म्हणाली, "मले उघडू नका देऊ. मले तसंच घरी न्या."

"वेडी झाली का तू?"

"मायले उघडलं होतं."

भोजराजने खिडकीबाहेर पाहिले. भंडाऱ्यापासून त्याच्याही मनात तेच चालले होते.

नागपूरच्या त्या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या डॉक्टर तिशीतल्या होत्या. गुंजन त्यांचे नाव. त्यांनी आल्याआल्या कागद बाजूला ठेवले, हात चोळून ऊबदार केले आणि करुणाच्या पोटावर ठेवले. इतक्या दिवसांत पोटावर ठेवलेला कोण्या डॉक्टरचा हा पहिला हात. बोटे गाठीच्या काठाने फिरत गेली आणि एका ठिकाणी थबकली. करुणाने डोळे मिटले. तिला ती जागा माहीत होती. तिथे खाच होती.

"ताई, ही गाठ किती दिवसांपासून आहे?"

करुणाने पदर ओढून घेतला.

"आत्ताची नाही ना ही?"

भोजराज म्हणाला, "तीनच दिवस झाले, मॅडम."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिले नाही. "ताई, मी तुम्हाला विचारतेय. आधी ही सरकायची का?"

आजवर हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. खोटे बोलावे असे तिला वाटले, आणि तेवढ्यात पुन्हा कळ आली.

"सरकायची," ती म्हणाली. "मी सारत होतो."

"कुठं?"

करुणाने हाताची कड पोटावर आडवी धरली आणि दाखवले. डावीकडे. वर.

"आणि दुसरीकडे ढकलली तर?"

"मग जीव जाये."

भोजराज तिच्याकडे वळला. "तू मले काहून नाही सांगितलं वं?"

"सांगितलं असतं तं उघडलं नसतं का मले?"

डॉक्टर गुंजन खुर्ची ओढून पलंगाशेजारी बसल्या. "ताई, ही कॅन्सरची गाठ असेल असं मला वाटत नाही. ही तुमची पाणथरी आहे. वर दिसली नाही ती हीच. तुम्ही तिला रोज तिच्या घरी नेऊन सोडत होता."

सीटी स्कॅनने तेच सांगितले. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी करुणाच्या साडीचा काठ हातात घेऊन तिला समजावले. पाणथरी डाव्या बरगड्यांआड, पार मागे असते आणि ती नुसती ठेवलेली नसते. पोटाच्या आतून एक पातळ अस्तर असते. त्याचेच दुपदरी बंध तिला धरून ठेवतात. एक बंध तिला जठराशी जोडतो. एक मागे डाव्या मूत्रपिंडाकडे जातो. काही श्वासाच्या पडद्याला जाऊन भिडतात. आणि खाली, मोठ्या आतड्याच्या वळणापासून निघालेला एक पदर तिच्याखाली झोळीसारखा पसरलेला असतो, त्यावर ती टेकते. "तुमचे हे बंध बहुधा जन्मापासूनच लांब आणि ढिले आहेत. बाळंतपणांनी आणखी ढिले झाले असतील. मग ती लोंबकळू लागली."

"मग तिथंच बांधून टाका ना, बाई."

"टाकता येतं. ती जिवंत असली तर शिवून जागेवर बसवता येते. पण हे बंध म्हणजे नुसत्या दोऱ्या नाहीत. मूत्रपिंडाकडच्या बंधातून तिची मोठी रक्तवाहिनी जाते, येते. ती लोंबत होती, फिरत होती, आणि त्या देठाला पीळ पडला. रक्त अडलं."

पीळ. करुणाला हा शब्द कोणी समजावून सांगायला नको होता. सुताला पीळ जास्त पडला की ते स्वतःभोवतीच वळते, आखडते आणि कुठेतरी गच्च गाठ मारून बसते. मग ते उलगडत नाही, तोडावे लागते.

"मी सारत होतो म्हनून पीळ पडला का?"

"नाही. तुम्ही हात लावला नसता तरी पडू शकला असता. पण तेव्हा दाखवली असती तर वाचवणं सोपं होतं." मग त्यांनी साडीचा काठ सोडला. "उद्या आत गेल्यावर मी आधी पीळ सोडवीन. रंग परत आला तर जागेवर बसवीन. नाही आला तर काढावी लागेल. काढतानाही जपावं लागतं. त्याच बंधात स्वादुपिंडाचं टोक असतं, जठराकडच्या बंधात बारीक शिरा असतात. ओढाताण केली की फाटतं. मी ओढणार नाही."

"आन् उघडून तसंच शिवून टाकलं तं?"

"तसं का टाकीन?"

करुणाने आईचे सांगितले. कोंढ्याच्या ओट्यावरचे ते वाक्य तिने जसेच्या तसे उच्चारले. डॉक्टरांनी ते पुरते ऐकून घेतले. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही शुद्धीवर आलात की मी स्वतः येऊन सांगीन काय केलं ते. दुसऱ्या कोणाला पाठवणार नाही."

त्या आश्वासनाने भीती गेली, असे म्हणणे खोटे होईल. सकाळी ढकलगाडीवरून नेताना करुणाने भोजराजचे बोट इतके घट्ट धरले होते की परिचारिकेला ते सोडवून घ्यावे लागले. छतावरचे दिवे एकामागून एक डोक्यावरून मागे जात होते. तोंडावर रबरी वास आला. डोळे मिटतानाही तिचा उजवा हात पोटाकडे निघाला होता. कोणीतरी तो हळूच बाजूला नेऊन बांधला.

जाग आली तेव्हा पोटावर जाड पट्टी होती, आणि पट्टीच्या खाली काय आहे हे विचारण्याचे धैर्य तिला होईना. डॉक्टर गुंजन खरोखरच आल्या. टोपी अजून डोक्यावर होती.

"ताई, तीन पीळ होते. सगळे सोडवले. गरम पाण्याचे बोळे ठेवून वाट पाहिली. ती काळीच राहिली. काढली."

करुणाने मान त्यांच्याकडे वळवली. "शिवून टाकलं नाही ना तसंच?"

"नाही. काम पुरतं करून मगच शिवलं."

मग डोळ्यांतून पाणी आले, आणि ते सुटकेचे होते की आणखी कशाचे, हे तिचे तिलाही सांगता आले नसते. कारण डॉक्टरांचे बोलणे संपले नव्हते. पाणथरी रक्तातले काही जंतू गाळून मारते. ती नसली की साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर उठू शकतो. लसी घ्यायच्या. घरात औषध ठेवायचे. ताप आला की पहिली गोळी लगेच घ्यायची आणि त्याच पावली दवाखाना गाठायचा. "सकाळी बघू, असं म्हणायचं नाही. लाजायचं नाही. तुम्ही लपवण्यात फार हुशार आहात, म्हणून बजावून सांगते."

एक भीती काढून दुसरी हातात ठेवली होती. फरक एवढाच, की या भीतीबद्दल बोलायचे होते.

शहापूरच्या लग्नाला ती साडी पोचली नाही. तिथल्यांनी दुकानातून दुसरी घेतली. करुणा पुन्हा मागावर बसली ती उन्हाळा सरता सरता. पहिल्या दिवशी सवयीने दाराकडे पाठ झाली आणि हात पदराखाली गेला. तिथे काही नव्हते. बोटांना फक्त जखमेचा उंचवटा लागला. जिला ती इतकी वर्षे शत्रू समजत आली, तिची जागा रिकामी सापडताच तिला दचकायला झाले; जणू पहारेकरीच काढून टाकला होता.

भाद्रपदात एका सकाळी अंगात हीव भरले. धोटा हातातून पडला. आधी तिच्या मनात आले ते जुनेच: अंगावर पांघरूण घेऊन पडावे, कोणाला कळू देऊ नये. मग ती उठली आणि अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "आत्याबाई! मले ताप आला!"

सत्यभामाबाई चुलीपुढून तशाच उठल्या. गोळी त्यांनीच काढून दिली. भोजराज गावात नव्हता, म्हणून सुनेला हाताला धरून त्या बाजारातल्या त्याच डॉक्टरकडे घेऊन गेल्या. बाकावर माणसे बसली होती, त्यांत खोकल्यासाठी आलेल्या शकुनबाईही होत्या. डॉक्टर नव्हते.

"साहेब जावळाच्या कार्यक्रमाले गेले," औषधे देणारा ईश्वर म्हणाला. "ताप ना? तापाची गोळी घेऊन जा. संध्याकाळी या."

करुणाचे दात वाजत होते. तिचा हात पोटाकडे गेला, पण आता तिथे सारायला काहीच नव्हते. ती दाराच्या उंबऱ्यावर बसली.

"मी नाही जात."

"वाटेत काहून बसल्या बाई? लोक येऊन राहिले."

"येऊ दे. माह्या पोटात पाणथरी नाही."

शकुनबाईंनी मान पुढे काढली. "काय नाही म्हनते वं?"

"पाणथरी नाही. काढली. सरकत होती ते लपवलं मी, म्हनून काढा लागली. म्हनून मले ताप चालत नाही. संध्याकाळलोक मी राहतो का नाही, मले मालूम नाही." तिने एका दमात म्हटले आणि ईश्वरकडे पाहिले. "फोन लाव त्याईले. नाहीतर गाडी बलाव. इथून मले उचलूनच न्या लागन."

"लाव ना रे!" सत्यभामाबाई कडाडल्या. "का तोंड पाहून राहिला? मागच्या खेपेले गॅस म्हने. मेली असती गॅसनं!"

ईश्वरने फोन लावला. डॉक्टर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर कुंकवाचा टिळा होता आणि सदऱ्याला श्रीखंडाचा डाग. काही बोलायच्या बेतात ते होते. पण उंबऱ्यावर बसलेल्या बाईचे ओठ पाहून न बोलताच आत गेले आणि सुई घेऊन बाहेर आले. नागपूरचा नंबर त्यांनी स्वतः फिरवला. गाडी येईपर्यंत पहिले औषध शिरेत जात होते, बाटली शकुनबाईंनी हात उंच करून धरली होती.

"हात दुखून राहिला का वं, शकुनबाई?" करुणाने विचारले.

"दुखू दे. तू बोलत राह्य."

करुणा बोलत राहिली. तिची भीती गेली नव्हती. नागपूरची वाट लांब होती आणि ताप अजून चढतच होता. तिचा हात पोटावर होता, जखमेच्या रेषेवर, पदराच्या वरून, आणि बाकावरची माणसे सरळ तिच्याकडे बघत होती. तिने तो काढून घेतला नाही.